कागदी मॅडमचा तास

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना झाडून सगळे अण्णा म्हणायचे. प्राचार्य म्हणायचे, शिपाई म्हणायचे, अण्णांपेक्षा वयाने मोठे असलेले ग्रंथपालही म्हणायचे. मीही म्हणायचो. नुसता म्हणायचो नाही, म्हणताना किंचित वाकायचो. एकट्या कागदी मॅडम त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणत. प्राचार्यांनी त्यांना एकदा केबिनमध्ये बोलावून समजावलं, “अहो, अण्णा म्हणत चला. आपलेपणा वाटतो.”

मॅडम म्हणाल्या, “सर, मला एक भाऊ आहे. तो पुरतो.”

नसीम कागदी त्यांचं नाव. राहायला जुन्नरला. आडनाव खरोखरच कागदावरून आलेलं. पणजोबांपर्यंत घरात हातकागद व्हायचा. मग गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. आमच्याकडे परंपरा म्हटलं की गहिवरून येणारे लोक पुष्कळ. त्यातलं कुणी स्टाफरूममध्ये ‘वा, केवढा वारसा’ असं काही बोललं, तर मॅडम डब्यातून मान वर न करता म्हणायच्या, “लगद्यातल्या चुन्यानं पणजोबांच्या हाताची सालं निघायची. वारसा म्हणून आम्हाला तेवढंच सांगितलंय.” समोरचा गप्प व्हायचा. मॅडमच्या समोर गप्प होणाऱ्यांची संख्या कॉलेजात मोठी होती, आणि तेच त्यांच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं कारण.

त्या इतिहास शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्गात जेवढे तास उभे राहाल तेवढ्याच तासांचं मानधन. सुट्टी, आजारपण, परीक्षा यांचं काही नाही. नेमणूक वर्षापुरती, तीही बहुधा तोंडी. माणूस नको झाला तर त्याला काढावं लागत नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावलं नाही की झालं. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण तिला तत्त्व म्हणायचं धैर्य ज्याने दाखवलं त्याला मानलं पाहिजे. आम्ही त्या तत्त्वावर सात जण होतो. मी मराठी शिकवायचो.

आता तास संपला की आम्ही घरी जावं, असं कुणालाही वाटेल. संस्थेला तसं वाटत नसे. प्रवेशाचे अर्ज तपासा, स्पर्धांना मुलं न्या, अण्णांच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिरात नावं लिहा. एकदा बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती. न झालेल्या कार्यक्रमांचे अहवाल लिहायचे होते आणि ते लिहायला अर्थातच मराठीवाला म्हणजे मी होतो. मी मन लावून लिहिले. न आलेल्या पाहुण्यांची भाषणंही लिहिली. त्या बैठकीत प्राचार्यांनी मॅडमना रांगोळीच्या समितीवर घेतल्याचं जाहीर केलं. मॅडमनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, “हा तास कुणाचा?”

“म्हणजे?”

“माझा असेल तर मी घरी जाईन. कॉलेजचा असेल तर मस्टरवर घ्या.”

बैठकीत कुणीतरी खोकलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, सगळ्या गोष्टी अशा मोजायच्या नसतात.”

“मोजायला तुम्हीच सुरुवात केलीत, सर. मला तासावर ठेवलंय.”

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. दुपारची एसटी त्यांना मिळाली असणार. आम्ही बाकीचे सहा जण संध्याकाळपर्यंत रांगोळीत रंग भरत बसलो. मोर काढला होता.

शिकवायला मात्र त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिसऱ्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. आमच्या मुलांनी अमेरिका पाहिली होती ती मोबाइलवर. मॅडमनी त्यांना दाखवली ती दीडशे वर्षांपूर्वीची, पोलादाच्या भट्ट्यांची, रेल्वेची, तेलाच्या विहिरींची. शेजारच्या वर्गात माझा तास असला की भिंतीपलीकडून त्यांचा घोगरा आवाज यायचा आणि माझी मुलं माझी कविता सोडून तो ऐकायची. खरं सांगायचं तर मीही ऐकायचो. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या एका मालकाने कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं, बागा केल्या, चर्च बांधलं आणि मंदी आल्यावर मजुरी कापली, घरभाडं मात्र कापलं नाही. हे त्या अशा सांगायच्या की जणू तो मालक नारायणगावात राहतो आणि काल बाजारात भेटला होता.

एकदा पोलादाच्या मालकावर आल्या. संप झाला तेव्हा हा स्वतः परदेशात जाऊन बसला होता, इकडे त्याच्या माणसांनी भाडोत्री बंदूकवाले नदीतून होड्यांनी आणवले, माणसं मेली, संघटना मोडली. आणि नंतर याने गावोगाव वाचनालयं बांधली.

मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, “मंग मॅडम, वाचनालय बांधलं त्ये चांगलंच केलं ना?”

“चांगलंच. पण बारा तास भट्टीपुढं उभा राहणारा माणूस ते पुस्तक वाचणार कधी?”

मग एकेक करून मुलांच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून आमच्या ग्रंथालयाची नवी इमारत दिसते. तिच्यावर अण्णांच्या वडिलांचं नाव ग्रंथालय या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. मॅडमनी खिडकीकडे पाहिलंही नाही, तरी वर्ग हसला. तो हशा तिसऱ्या दिवशी अण्णांपर्यंत पोचला. आमच्या कॉलेजात पुस्तकं कपाटात वर्षानुवर्षं राहतात, बातमी राहत नाही.

अण्णांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, येडगावच्या बाजूला. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे निवडायची, कात्रीने खराब मणी काढायचे, पेटीत भरायची. हंगामात मुली वर्गात दिसेनाशा होत, आयांबरोबर तिथे जात. इतर प्राध्यापक त्यांना हजेरीवरून बोलायचे. मॅडमनी वैशाली नावाच्या मुलीला उभं केलं आणि म्हणाल्या, “आज तू शिकव. तिथं काय काय असतं ते सांग.”

वैशाली लाजली, मग सांगायला लागली. सकाळी पिकअप घ्यायला येते. मोबाइल दारात ठेवून घेतात. दिवसभर टेबलापुढे उभं राहायचं. बाथरूमला जायचं तर खिळ्याला लावलेला पितळी बिल्ला घेऊन जायचं, आणि सगळ्या शेडला मिळून बिल्ला एकच.

“का गं, एकच का?”

“बाया टाइमपास करत्यात म्हनून.”

मॅडमनी फळ्यावर त्या दिवशीच्या धड्याचं नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, ‘बिल्ला एकच’. परीक्षेत बऱ्याच मुलांनी ते उदाहरण म्हणून लिहिलं. पेपर तपासणाऱ्याला ते अमेरिकेतल्या कारखान्यातलं वाटलं असेल.

एक मेला झेंडावंदन असतं. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्रच उरकतात. अण्णा दरवर्षी बोलतात, “कामगार हा माझ्या कुटुंबातला माणूस आहे.” त्या वर्षी हे वाक्य आलं तेव्हा मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, “शिकागोत आठ तासांचा दिवस मागितला म्हणून माणसं फासावर गेली, त्यांच्या नावानं हा दिवस आहे. बॉम्ब कुणी टाकला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण फाशी झाली. आणि इथं पेढे.” तरी पेढा त्यांनी घेतला. खाल्लाही. म्हणाल्या, “पेढ्याचा काय दोष?”

त्यानंतरच्या दिवाळीनंतर आम्ही सात जण रविवारी ओतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात जमायला लागलो. संघटना वगैरे मोठा शब्द कुणी उच्चारला नव्हता. एक अर्ज लिहायचा होता एवढंच. लेखी नेमणूक द्या, वर्गाबाहेरचं काम सक्तीचं करू नका, काढायचं तर कारण द्या. अर्ज मॅडमनी लिहिला. मी त्यातली भाषा थोडी गुळगुळीत केली. ‘मागणी’च्या जागी ‘नम्र विनंती’ घातलं. मॅडमनी ते खोडून पुन्हा ‘मागणी’ लिहिलं.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. चहा दिला. मराठीची एक कायम जागा निघणार आहे म्हणाले. अण्णांच्या मनात माझं नाव आहे म्हणाले. आणि कप खाली ठेवता ठेवता विचारलं, “रविवारी ओतूरला काय असतं?”

मी सांगितलं. त्यांच्यावर दुसऱ्यांदा विचारण्याचीही वेळ मी आणली नाही. अर्ज कुणी लिहिला, तो कुठे आहे, कुणी कुणी सही करणार आहे, सगळं सांगितलं. चहा संपायच्या आत संपलं.

पुढच्या सोमवारी सातही जणांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेली हमीपत्रं ठेवली होती. ‘मी स्वखुशीने लिहून देतो की मी कोणत्याही संघटनेचा सभासद नाही व होणार नाही.’ पहिल्याने सही केली, दुसऱ्याने केली, तिसरा मी. पेन एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी मॅडमची पाळी आली. त्यांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला, वर्गात वाचतात तसा, पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत. मग म्हणाल्या, “‘स्वखुशीने’ हा शब्द लिहिलाय बरोबर, पण खोटा आहे.” पिशवीतून लाल पेन काढून त्या शब्दाखाली रेघ मारली.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, साधी औपचारिकता आहे.”

“सर, हे मी शिकवते. तिकडं मालक नोकरीआधी असाच कागद लिहून घ्यायचे. आपल्या लोकांना स्वतःचं काही सुचतही नाही.” आणि कागद सही न करता, नीट घडी घालून परत दिला.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेलो. काय बोलणार होतो ते आठवत नाही. त्या वळल्या आणि म्हणाल्या, “तुमच्यावर राग नाही, सर. तिकडंही प्रत्येक कारखान्यात मालकाला बातम्या देणारा एक असायचा. फक्त त्याला त्याचे पैसे मिळायचे.”

त्यांना कसं कळलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात कागदी हे नाव नव्हतं. कुणी त्यांना काढलं नव्हतं, फक्त बोलावलं नव्हतं. त्यांनी मंचरला अर्ज केला, घोडेगावला केला. दोन्हीकडे मुलाखत छान झाली आणि दोन्हीकडून नंतर फोन आला नाही. आमचे प्राचार्य फोनवर फार गोड बोलतात. सहा महिन्यांत आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत, सेट पास झालेल्या, पंधरा वर्षं शिकवलेल्या बाईला शिकवायला एक वर्ग उरला नाही. आम्हा सहा जणांत यावर एकदाही बोलणं झालं नाही. आम्हाला वेळ नव्हता. अण्णांची साठी जवळ आली होती.

पुढचं मला वैशालीकडून कळलं. ती तोवर एम. ए.ला होती आणि हंगामात आईबरोबर पॅकहाऊसला जातच होती. “सर, तुमाला म्हाईत हाय का, कागदी मॅडम आमच्या टेबलावर हायेत,” ती म्हणाली. मला आधी समजलंच नाही. अण्णांच्या कॉलेजात ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या अण्णांच्याच शेडमध्ये डोक्याला जाळी बांधून कात्रीने द्राक्षं निवडत होत्या. बायका संपत नावाचा मुकादम आणायचा. त्याच्या वहीत बायकांची नावं नसत, पिकअपमध्ये किती चढल्या तेवढा आकडा असे. कॉलेजात त्यांचं नाव खोडायला एवढी यंत्रणा लागली, आणि इथे नाव विचारलंच नव्हतं.

त्या काम करायला गेल्या होत्या, भाषण करायला नाही. वैशाली सांगते की महिनाभर त्या जेवढ्यास तेवढं बोलल्या. कात्री पहिल्या आठवड्यात बोटात गेली होती, तरी वेग चांगला आला. मग एक दिवस वैशालीची आई, रखमाबाई, टेबलापाशी घेरी येऊन बसली. पाय सुजलेले, त्यात बिल्ला मिळेना म्हणून सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. मुकादम आला, “ए मावशे, ऊठ. कंटेनर भरायचाय.” मॅडम तिच्याजवळ फरशीवर बसल्या. तिला पाणी पाजलं. आणि मग उठल्याच नाहीत. कात्री आणि क्रेट मांडीशी घेऊन बसून काम करायला लागल्या.

“बाया आधी हसल्या, सर,” वैशाली म्हणाली. “मंग एक बसली, दुसरी बसली. दहा मिंटांत सगळी शेड खाली.”

सुपरवायझर धावत आला. “अहो, माल जमिनीवर चालत नाही. परदेशात जातो तो. सगळा रिजेक्ट होईल.”

मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे. म्हणून टेबलाला स्टूल लावा.”

“काम बंद केलंय तुम्ही.”

“कुठं बंद? बसून करतोय. तुमचा नियम आडवा येतोय.”

तासाभरात अण्णा आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे. शेडमध्ये शिरले आणि जाळीखालचा चेहरा ओळखून थबकले. वैशाली म्हणते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तो पाहायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

“मॅडम, तुम्ही इथं?”

“दुसरीकडं कुठं ठेवलीत जागा, अध्यक्ष?”

अण्णांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि बायकांकडे वळून नेहमीचा आवाज लावला. “तुम्ही माझ्या लेकी आहात. बाहेरच्यांचं ऐकून घरात भांडण लावू नका.”

रखमाबाई अजून भिंतीला टेकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “लेकी म्हनता तर बसू द्या की, अण्णा. घरी लेकीला दिसभर उभं ठिवता का?”

बाहेर कंटेनरचं इंजिन चालू होतं. दुपारपर्यंत मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकची स्टुलं आली. पितळी बिल्ला सुपरवायझरने खिळ्यावरून काढून खिशात घातला. संध्याकाळी कंटेनर भरून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम रोजच्या जागी उभ्या होत्या. पिकअप त्यांच्या समोरून न थांबता निघून गेली. रखमाबाईने गाडी थांबवायला सांगितलं, संपतने ऐकलं नाही. पुढच्या थांब्यावर रखमाबाई उतरली. तिच्यामागे वैशाली आणि आणखी चौघी उतरल्या आणि त्या सहा जणी रस्त्याने मागे चालत मॅडमपर्यंत गेल्या. बाकीच्या गाडीतच बसून राहिल्या. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला तरी नाही. त्या सहा जणींच्या जागी संपतने डिंभ्याकडच्या डोंगरातल्या बायका आणल्या. त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. स्टुलं मात्र राहिली. अण्णांनी त्यांचा फोटो काढून संस्थेच्या माहितीपुस्तिकेत छापला, ‘महिला कामगारांसाठी आसनव्यवस्था’ म्हणून. फोटोखालचा मजकूर मी लिहिला.

कारण तोवर मी कायम झालो होतो. त्याची हकीकत सांगत नाही. सांगण्यासारखी नाही.

मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या गेल्या हिवाळ्यात. कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर डिंभे धरणाजवळच्या एका गावात होतं. समारोपाला अण्णा येऊन गेले होते आणि मी माझ्या गाडीतून सामान परत नेत होतो. मागच्या सीटवर उरलेल्या शाली, नारळांचं पोतं आणि अण्णांच्या तसबिरीची भलीमोठी चौकट आडवी ठेवलेली. फाट्यावर पाच बायका एसटीची वाट बघत होत्या. चौघी डोंगरातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. पाचव्या कागदी मॅडम. केस बरेच पांढरे झाले होते. खांद्याला पिशवी होती.

मी गाडी थांबवली, काच खाली केली.

“मॅडम, इकडं कुठं?”

“यांच्याकडं आले होते. हंगाम सुरू होतोय. पॅकहाऊसला जातात या.” त्यांनी शेजारणीकडे हात केला. “तुम्ही कसे आहात, सर? कायम झालात म्हणे.”

“हो. या ना, सोडतो घोडेगावपर्यंत. एसटीचं इथं काही खरं नाही.”

त्यांनी वाकून गाडीत पाहिलं. शाली पाहिल्या, पोतं पाहिलं, चौकटीतले अण्णा पाहिले. “आम्ही पाच आहोत,” म्हणाल्या.

पोतं डिकीत गेलं असतं. चौकट टपावर बांधता आली असती, गाडीत दोरी होती. दाटीवाटीने बसलो असतो. पण चार बायका आणि कागदी मॅडमना घेऊन मी घोडेगावच्या चौकात उतरतोय, हे कुणीतरी बघेल आणि कुणालातरी सांगेल, असं माझ्या मनात आलं. क्षणभरच आलं. त्या क्षणात मी काही बोललो नाही.

“जा तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “येईल आमची गाडी.” आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाने उत्तर चुकवलं आणि शिक्षकाने पुढच्याला विचारायचं ठरवलं, तसा तो आवाज होता.

मी निघालो. वळणाआधी आरशात पाहिलं. त्या माझ्या गाडीकडे बघतही नव्हत्या. दगडावर बसल्या होत्या, गुडघ्यावर वही उघडी होती, आणि एक म्हातारी बाई वाकून, वहीकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारत होती.